अपंग विद्यार्थी आणि आपले महाविद्यालय

शिक्षणाचा प्रश्न आपल्या चळवळीने प्रथम प्रवेशाचा प्रश्न म्हणून मांडला आणि ते स्वाभाविकच होते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना शाळेच्या ओट्यावर वेगळे बसावे लागले, त्यांच्या दृष्टीने आत जाणे हीच पहिली लढाई होती. पण आत गेल्यावर दुसरी लढाई सुरू होते, हेही आपल्या तीन-चार पिढ्यांनी सोसून ओळखलेले आहे. वर्गात बाक मिळतो. परंतु वर्गातली भाषा, पुस्तकातली उदाहरणे, शिक्षकाच्या मनातला 'विद्यार्थी' हे सारे दुसऱ्या कोणाच्या तरी मापाने बेतलेले असते. आपल्याला त्या मापात बसावे लागते. जो बसत नाही तो 'कच्चा' ठरतो.

प्रस्तुत लेखात हाच प्रश्न अपंग विद्यार्थ्यांच्या संदर्भात मांडावयाचा आहे. अपंगांचे शिक्षण हा दयेचा, दानधर्माचा, फार तर वैद्यकाचा विषय आहे अशी समजूत समाजात आहे. परिवर्तनाची भाषा बोलणाऱ्या आपल्या लोकांतही ती आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत माझीही तीच होती. ती कशी मोडली हे आधी सांगतो, कारण विषयाचे मूळ त्यातच आहे.

मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. एका वर्षी प्रथम वर्षाच्या वर्गात एक अंध मुलगा होता. आपल्याच समाजाचा, शेतमजुराच्या घरातला. तो पहिल्या बाकावर बसे. मी फळ्यावर मागणीचा वक्र काढी आणि बोलत राही : किंमत इथून इथे आली की मागणी इथून इथे सरकते. चार-पाच तास असे गेल्यावर एके दिवशी तो काठी टेकत टेबलापाशी आला आणि म्हणाला, "सर, तुम्ही इथून इथे म्हणता, ते इथे म्हंजे कुठं?"

मला उत्तर देता आले नाही. मला माझे स्वतःचे पहिले वर्ष आठवले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेले नव्हते. आमचे एक प्राध्यापक काही अवघड आले की म्हणत, "हे तुम्ही घरी वाचलेच असेल." आमच्या घरी वाचायला वर्तमानपत्रसुद्धा येत नसे. त्यांच्या 'घरी' या एका शब्दाने मी वर्गात बसल्या जागी वर्गाबाहेर जात असे. माझ्या 'इथे' या शब्दाने हा मुलगा तसाच बाहेर जात होता. त्या प्राध्यापकांच्या मनात दुष्टावा नव्हता, माझ्याही नव्हता. शिकवताना त्यांनी मला धरले नव्हते आणि मी याला धरले नव्हते.

समावेशक शिक्षण म्हणजे काय?

अपंगांच्या शिक्षणाचा इतिहास पाहिला तर त्यात ढोबळमानाने तीन अवस्था दिसतात. पहिली अवस्था बहिष्काराची. अपंग मूल घरात ठेवायचे किंवा देवळापुढे बसवायचे. दुसरी अवस्था वेगळ्या शाळांची. मुंबईत दादरला अंधांची शाळा १९०० साली मिशनरींनी काढली. अशा शाळांनी मोठे काम केले. ब्रेल लिपी, बोटांनी वाचणे, काठीने चालणे या गोष्टी तेथेच शिकवल्या गेल्या. परंतु या शाळांतून दहावी-बारावी झालेला विद्यार्थी पुढे ज्या महाविद्यालयात येई, ते मात्र जसेच्या तसे असे. त्याला प्रवेश मिळे. बाकीचे त्याने आपले आपण जुळवून घ्यायचे.

तिसरी अवस्था समावेशक शिक्षणाची. संयुक्त राष्ट्रसंघाने २००६ मध्ये अपंगांच्या हक्कांचा करारनामा स्वीकारला व भारताने तो २००७ मध्ये मान्य केला. त्याला अनुसरून आपल्याकडे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम, २०१६ आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. समावेशक शिक्षण म्हणजे अपंग व अपंग नसलेले विद्यार्थी एकत्र शिकतील आणि शिकवण्याची व शिकण्याची पद्धत निरनिराळ्या अपंगत्वांच्या विद्यार्थ्यांना जुळेल अशी बदललेली असेल, असा अर्थ या कायद्याने सांगितला आहे. यातला दुसरा भाग महत्त्वाचा. एकत्र बसणे पुरेसे नाही. बदलायचे आहे ते संस्थेने.

याच कायद्यात 'वाजवी सोय' ही संकल्पना आहे. एखाद्या व्यक्तीला तिचे हक्क इतरांच्या बरोबरीने वापरता यावेत म्हणून, समोरच्या संस्थेवर अवाजवी भार न पडता, जे आवश्यक व योग्य फेरफार करावे लागतात ते म्हणजे वाजवी सोय. आणि ती नाकारणे हा कायद्याच्या व्याख्येनुसार भेदभावच आहे. म्हणजे चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थिनीचा वर्ग तळमजल्यावर न आणणे ही केवळ गैरसोय नव्हे. तो भेदभाव ठरतो.

ही कल्पना बाहेरून आलेली आहे असे कोणी म्हणेल. शब्द बाहेरचा असेल, पण व्यवहार आपल्या परिचयाचा आहे. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथे सकाळी वर्ग भरत, कारण विद्यार्थी दिवसा नोकरी करीत. विद्यार्थ्याने नोकरी सोडावी असे म्हणण्याऐवजी महाविद्यालयाने आपली घड्याळे बदलली. १९५० मध्ये मराठवाड्यात सोसायटीने जे महाविद्यालय काढले व जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले, त्याला वसतिगृहांची जोड होती, कारण खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा कोण देणार? अनुसूचित जातींच्या मुलांची भारत सरकारची शिष्यवृत्ती १९४४ पासूनची आहे. या साऱ्याला तेव्हा कोणी वाजवी सोय म्हटले नाही, पण तत्त्व तेच होते. विद्यार्थी ज्या परिस्थितीत आहे ती गृहीत धरून संस्थेने आपला आकार बदलावा, हे तत्त्व आपल्या शैक्षणिक चळवळीच्या पायात आहे. मग ते अपंग विद्यार्थ्यापाशी येऊन का थांबावे?

कायद्याने काय दिले, कोठे हात आखडला

१९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत. अंधत्व, अल्पदृष्टी, कर्णबधिरत्व, अस्थिव्यंग यांच्याबरोबर बहुविकलांगता, स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्नायूंचा क्षय, ॲसिड हल्ल्याने आलेले अपंगत्व, तसेच थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्तविकार त्यात आले. शिक्षणसंस्थांतील राखीव जागा तीन टक्क्यांवरून किमान पाच टक्के झाल्या व प्रवेशाच्या वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत आली. या राखीव जागांसाठी अपंगत्व किमान चाळीस टक्के असावे लागते. त्याला 'लक्षणीय दिव्यांगत्व' म्हणतात.

हे सर्व चांगले आहे. परंतु कायदा वाचताना तो कोठे हात आखडतो हेही पाहिले पाहिजे. एक, मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा वर्षांपर्यंत आहे. पुस्तके, शैक्षणिक साहित्य व उपयुक्त साधने विनामूल्य देण्याची तरतूदही अठराव्या वर्षापर्यंतच आहे. म्हणजे मुलगा महाविद्यालयात येतो त्याच सुमारास ती संपते. सधन घरातल्या मुलाला बाप संगणक घेऊन देतो. आमच्या विद्यार्थ्याला कोण देणार? दोन, पाच टक्के जागांचे बंधन सरकारी व सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांना आहे. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित महाविद्यालयांचे जे पेव फुटले, त्यांचा विचार येथे केला पाहिजे. तीन, मान्यताप्राप्त संस्थांनी समावेशक शिक्षण द्यावे यासाठी शासन 'प्रयत्न करील' अशी भाषा आहे. प्रयत्न करील या शब्दांचा अर्थ काय होतो हे आपल्याला सांगण्याची गरज नाही.

न्यायालयांनी काही जागी ही उणीव भरून काढली आहे. २०२० मध्ये चंदीगडच्या एका कला महाविद्यालयातील प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की अपंग व्यक्तीही सामाजिकदृष्ट्या मागासलेल्या आहेत आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना गुणांत जी सूट मिळते ती त्यांनाही मिळाली पाहिजे. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकाश कुमार प्रकरणात लेखनिकाची सोय केवळ चाळीस टक्क्यांच्या वरच्यांपुरती ठेवता येणार नाही असा निकाल आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये इमारती व सेवा सुगम करण्याचे किमान नियम ऐच्छिक राहू शकत नाहीत, ते बंधनकारकच असले पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले. निकाल दिल्लीत लागतात. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या कारकुनापर्यंत ते पोहोचवण्याचे काम कोणी तरी करावे लागते.

जात आणि अपंगत्व

येथे आपल्या दृष्टीने मुख्य प्रश्न येतो. अपंगत्व जात पाहून येत नाही असे म्हटले जाते. हे अर्धसत्य आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के लोक अपंग नोंदले गेले. अनुसूचित जातींत हे प्रमाण २.४५ टक्के होते. अनुसूचित जाती-जमातींखेरीज इतरांत २.१८ टक्के. फरक दशांशातला दिसतो, पण तो लाखो माणसांचा आहे आणि तो का आहे हे उघड आहे. आईचे कुपोषण, घरातले बाळंतपण, कानातून पू येत असता उपचार न होणे, डोळ्याला लागल्यावर तालुक्याला न्यायला पैसे नसणे, वीटभट्टीवर नि उसाच्या फडात झालेली इजा, या गोष्टी सर्व जातींत सारख्या वाटलेल्या नाहीत. शिक्षणाकडे पाहिले तर त्याच जनगणनेत अपंगांपैकी सुमारे ४५ टक्के निरक्षर होते आणि पदवीपर्यंत वा पुढे पोहोचलेले जेमतेम पाच टक्के होते.

सिकलसेलचे उदाहरण घ्या. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. थंडी, ताप, अतिश्रम, शरीरातले पाणी कमी होणे यांनी त्रास उसळतो. विदर्भातील आदिवासी आणि अनुसूचित जातींत हा विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. असा विद्यार्थी दिसायला धडधाकट असतो. महिन्यातून चार दिवस तो वर्गात नसतो आणि पंचाहत्तर टक्के हजेरीच्या नियमात सापडतो. त्याला 'आळशी' म्हटले जाते आणि हा शब्द आपल्या मुलांना जातीमुळे आधीच चिकटलेला असतो. कायद्यानुसार चाळीस टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास त्याला महाविद्यालयातील पाच टक्के जागांत प्रवेश मागता येतो. परंतु नोकरीतील चार टक्के आरक्षणासाठी कायद्याने जी यादी दिली आहे तिच्यात रक्तविकार नाहीत. म्हणजे शिक्षणाच्या दारात तो अपंग, नोकरीच्या दारात धडधाकट.

प्रमाणपत्रांची कथाही अशीच आहे. आपल्या विद्यार्थ्याला जातीचे प्रमाणपत्र लागते, त्याची पडताळणी लागते. अपंग असेल तर जिल्हा रुग्णालयातले अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्रही लागते. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत अपंगांपैकी केवळ २८.८ टक्के लोकांकडे प्रमाणपत्र असल्याचे दिसले. ज्याला चालता येत नाही त्याने जिल्ह्याच्या गावी चार हेलपाटे घालून आपल्याला चालता येत नाही हे सिद्ध करायचे आणि त्या प्रत्येक हेलपाट्याला बापाची मजुरी बुडवायची.

शिष्यवृत्तीतही तेच. एका विद्यार्थ्याला एका वेळी एकच शिष्यवृत्ती घेता येते. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत अपंग विद्यार्थ्याला २०२१ च्या नियमांनुसार भत्ता दहा टक्के अधिक मिळतो, ही जमेची बाजू. पण अर्ज भरतानाच त्याला ठरवावे लागते, की आपण दलित म्हणून मागायचे की अपंग म्हणून. तो दोन्ही एकाच वेळी आहे.

आरक्षणाचे गणितही समजून घेतले पाहिजे, कारण त्याविषयी आपल्यातच गैरसमज आहेत. १९९२ च्या मंडल निकालाने, म्हणजे इंद्रा साहनी प्रकरणात, उभे आणि आडवे असे आरक्षणाचे दोन प्रकार स्पष्ट झाले. अनुसूचित जातींचे आरक्षण उभे; अपंगांचे आडवे, ज्याला आपण समांतर आरक्षण म्हणतो. समजा एका अभ्यासक्रमाला साठ जागा आहेत. पाच टक्क्यांप्रमाणे तीन जागा अपंगांच्या. त्या साठ जागांच्या बाहेर नसतात, प्रत्येक प्रवर्गाच्या आतूनच जातात. निवडलेला अपंग विद्यार्थी अनुसूचित जातीचा असेल तर तो अनुसूचित जातीच्या जागांत मोजला जातो, खुल्या प्रवर्गातला असेल तर खुल्या जागांत. "आमची एक जागा अपंगाला गेली" असे एका विद्यार्थ्याने माझ्यापाशी बोलून दाखवले. मी त्याला विचारले, तो अपंग मुलगा कोणाचा आहे? तो आपलाच होता. आणि दुसरी बाजू अशी, की जेथे या तीन जागांसाठी सर्व अपंगांची एकच गुणानुक्रम यादी लागते, तेथे शहरातल्या, शिकवणीला गेलेल्या, साधने असलेल्या अपंग मुलांपुढे खेड्यातला दलित अपंग मुलगा मागे पडतो. अपंगांच्या रांगेत जात त्याला मागे ओढते आणि जातीच्या रांगेत अपंगत्व.

एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील एका खटल्याचा निकाल दिला. अनुसूचित जातीच्या एका अंध तरुणीवर बलात्कार झाला होता. जात, लिंग आणि अपंगत्व ही ओझी एकमेकांपासून सुटी करून पाहता येत नाहीत, अशी चर्चा त्या निकालपत्रात विस्ताराने आली आहे. बलात्काराबद्दलची जन्मठेप कायम झाली. परंतु गुन्हा जातीच्या कारणाने झाला हे तेव्हाच्या कायद्यानुसार सिद्ध होत नाही म्हणून ॲट्रॉसिटी कायद्याखालील शिक्षा रद्द झाली. न्यायालयाला तिहेरी ओझे दिसले, पण ते एकत्र तोलणारा काटा कायद्यापाशी नव्हता. आपल्या महाविद्यालयांच्या कार्यालयांतही असा काटा नाही. एका खिडकीवर जात विचारतात, दुसऱ्या खिडकीवर टक्के विचारतात.

प्रत्यक्षात काय करावे लागते?

आता व्यवहाराकडे वळू. समावेशक महाविद्यालय म्हणजे फार खर्चाची गोष्ट आहे असा समज करून दिला जातो. त्यातल्या बऱ्याच गोष्टींना पैशापेक्षा लक्ष अधिक लागते.

इमारतीपासून सुरुवात करू. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार एकास बारा या प्रमाणात असावा लागतो. एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. महाविद्यालयाच्या दारात चार पायऱ्या असतील तर उंची साधारण दोन फूट होते आणि उतार चोवीस फूट लागतो. मी पाहिलेला एक उतार सात फुटांचा होता. मूल्यांकन समिती येणार म्हणून तो आठवड्यात बांधला गेला, त्याचा फोटो अहवालात गेला आणि नंतर त्यावर प्राचार्यांची मोटारसायकल चढू लागली. त्यावरून खुर्ची वर जाऊ शकत नाही. खाली मात्र घसरते. वरच्या मजल्यावरील वर्ग खाली आणण्यासाठी तर सिमेंटही लागत नाही, वेळापत्रक बदलावे लागते. मुलींसाठी चाकाची खुर्ची आत जाईल एवढ्या दाराचे स्वच्छतागृह नसेल तर ती मुलगी दिवसभर पाणी पीत नाही आणि पुढे येणेच बंद करते.

वर्गात अंध विद्यार्थी असेल तर फळ्यावर जे लिहिले जाते ते मोठ्याने म्हटले पाहिजे. कर्णबधिर विद्यार्थी असेल तर शिक्षकाने फळ्याकडे तोंड करून बोलू नये, कारण तो ओठ वाचत असतो. आणि टिपणे आधी लिहून द्यावीत. त्या मुलाच्या प्रश्नानंतर मी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून मागणी-पुरवठ्याचे वक्र केले. दोन रेषा कोठे छेदतात हे तो बोटाने पाही. गंमत अशी, की डोळस मुलेही ते पुठ्ठे मागू लागली. फळ्यावरचा वक्र त्यांनाही कळलेला नव्हता. विचारण्याचे धाडस मात्र कोणाला झाले नव्हते.

ग्रंथालयाचा प्रश्न मोठा आहे. संगणकावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली आज विनामूल्य मिळते आणि ती मराठीही वाचते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिहीनांसाठी स्वतंत्र संसाधन केंद्र २००३ पासून आहे. परंतु ही प्रणाली युनिकोडमधला मजकूरच नीट वाचू शकते. आपल्याकडच्या टिपणांच्या झेरॉक्सचे फोटो आणि जुन्या टंकांत जुळवलेली पुस्तके तिला वाचता येत नाहीत. जुन्या टंकातला मजकूर तिच्या तोंडी निरर्थक अक्षरे होऊन येतो. येथे आपण स्वतःला विचारले पाहिजे. आपली आत्मकथने, आपल्या कविता, आपली नियतकालिके यांतले किती साहित्य दलित अंध विद्यार्थी स्वतः वाचू शकतो? कायदा आड येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अपंगांसाठी वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक रूपांतरित करण्यास स्वामित्वहक्काच्या कायद्यात मुभा आहे. दृष्टिहीनांच्या पुस्तकांसाठी २०१३ मध्ये माराकेश येथे झालेला आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१४ मध्ये सर्व देशांच्या आधी मान्य केला. अडचण आपल्या सवयीची आहे.

शेवटी परीक्षा. परीक्षार्थीला तासाला किमान वीस मिनिटे अधिक मिळावीत अशी केंद्राच्या २०१८ च्या सूचनांत तरतूद आहे. तीन तासांच्या पेपराला एक तास. लेखनिकही मिळतो, पण तो परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला असावा अशी अट असते. आमच्याकडे लेखनिक शोधण्याचे काम विद्यार्थ्यावरच टाकलेले होते. ज्याचे नात्यागोत्यात शिकलेले लोक आहेत त्याला तो मिळतो. आमच्या मुलाला त्याच्या वस्तीतला अकरावीचा एक मुलगा मिळाला होता. त्याचे नाव आठ दिवस आधी अर्जात लिहून दिले, शिक्का झाला. दिवाळी झाली आणि त्या मुलाच्या घरचे ऊसतोडीला निघाले, तोही गेला. सकाळी पेपर होता. नवा लेखनिक घेण्यासाठी नवा अर्ज लागेल, असे त्याला खिडकीवर सांगण्यात आले. मी त्या दिवशी दुसऱ्या केंद्रावर पर्यवेक्षक होतो. त्याचे दोन पेपर बुडाले. पुढच्या वर्षी तो परत आला नाही.

यात कोणी एक माणूस खलनायक नव्हता. कारकुनाने नियम सांगितला. मीही लेखनिकाची चौकशी आधी करायला हवी होती, ती केली नाही. पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवली म्हणजे माझे काम झाले असे मी धरून चाललो होतो. आता आम्ही दर वर्षी जूनमध्येच लेखनिकांची यादी करतो, प्रत्येकामागे दोन पर्यायी नावे ठेवतो आणि अर्ज महाविद्यालय भरते. त्याला एक वही लागते. ती वही दोन वर्षे आधी असती तर तो मुलगा पदवीधर झाला असता.

शब्दांविषयी थोडे

या लेखात मी 'अपंग' हा शब्द वापरला आहे; कायद्याच्या ओघात 'दिव्यांग' येतो. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि पुढे तो सरकारी झाला. अपंगांच्या अनेक संघटनांनी त्याला तेव्हाच हरकत घेतली. त्यांचे म्हणणे आपल्याला कळायला अवघड जाऊ नये. 'हरिजन' हा शब्द असाच वरून आला होता, देवाचे नाव घेऊन आला होता आणि जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात तो कायद्यात घालण्याचा प्रश्न आला तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी सभात्याग करून बाहेर पडले होते. माणसाला दिव्यत्व दिले की त्याच्या हक्कांचा हिशोब द्यावा लागत नाही. अर्थात, कोणाला स्वतःसाठी 'दिव्यांग' म्हणवून घेणे आवडत असेल तर तो त्याचा अधिकार आहे.

आपल्या साहित्याकडेही या दृष्टीने पाहावे. आंधळी व्यवस्था, बहिरे सरकार, लंगडी लोकशाही, मुका समाज असे आपण सर्रास लिहितो. मीही लिहिले आहे. जातीवरून केलेली म्हण आपल्याला टोचते आणि टोचलीच पाहिजे. मग आपल्या सभेत तिसऱ्या रांगेत बसलेल्या अंध कार्यकर्त्याला 'आंधळी व्यवस्था' ऐकताना काय वाटत असेल? व्यवस्था आंधळी नाही. तिला चांगले दिसते आणि ती पाहूनच निवड करते.

आपले काम

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. ज्याने ज्या मजल्यावर जन्म घ्यायचा त्याने त्याच मजल्यावर मरायचे. आपण शिडी मागितली, काही प्रमाणात मिळवली, आणि तिच्यावरून चढताना आपल्यातला जो शिडी चढू शकत नाही तो खाली राहिला. त्याच्याकडे पाहायला आपल्याला वेळ झाला नाही. आता तरी पाहावे.

त्यासाठी मोठ्या परिषदेची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या महाविद्यालयात आपला प्राध्यापक आहे तेथे त्याने जूनमध्येच अपंग विद्यार्थ्यांची यादी मागावी व प्रत्येकाला भेटून काय लागते ते त्यालाच विचारावे. आपल्या विद्यार्थी संघटनांनी लेखनिकांच्या याद्या कराव्यात आणि जिल्हा रुग्णालयाच्या हेलपाट्यात सोबत जावे. शिष्यवृत्तीसाठी मोर्चे काढताना अठराव्या वर्षी तुटणारी साधनांची तरतूद आणि रक्तविकारांना वगळणारे नोकरीचे कलम या मागण्या आपल्या निवेदनात असाव्यात. आपल्या संपादकांनी व प्रकाशकांनी पुस्तकांचा युनिकोड मजकूर जपून ठेवावा आणि अंध वाचकाने मागितला तर द्यावा. आणि अपंग कार्यकर्त्यांना व्यासपीठावर केवळ सत्कारासाठी बोलावू नये. मागण्या ठरवायच्या बैठकीत बोलवावे.

तो मुलगा गेल्या वर्षी बसस्थानकावर भेटला. माझा आवाज त्याने ओळखला. फोन दुरुस्तीच्या दुकानात बसतो म्हणाला, बाकी बरे आहे म्हणाला. परत येणार का, असे मी विचारले. तो म्हणाला, "लेखनिक कोण देणार, सर?" या वेळी माझ्यापाशी उत्तर होते. ते मी त्याला दिले आणि मुक्त विद्यापीठाचा अर्जही आणून देतो म्हणालो. तो अर्ज त्याच्यापर्यंत नेऊन पोहोचवणे माझ्याकडे आहे.